एकटीचा जीवठसा

आरोपपत्राची प्रत हातात पडली तेव्हा इंदुमतीबाई कोरे यांची नजर आधी गेली ती समासाकडे. डावीकडे जागा फारच कमी सोडली होती; फाइल शिवली की ओळींची पहिली अक्षरं दोऱ्यात जाणार. चौतीस वर्षं सोलापूरच्या कोर्टात टाईप करण्यात गेलेली बाई. कागद कसा दिसतो ते आधी बघायचं आणि त्यात काय लिहिलंय ते मग, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. त्यामुळे आपल्यावर घरफोडीचा आरोप आहे, हे डोक्यात शिरायला त्यांना दोन-तीन मिनिटं लागली.

अकरा मार्चच्या दुपारी होटगी रोडवरच्या माढेकर यांच्या बंगल्यात शिरून, कपाट उघडून, चांदीची समई, ताम्हण आणि माढेकरांच्या मयत पत्नीच्या पाटल्या चोरल्या. आरोपी इंदुमती शिवलिंग कोरे, वय एकसष्ट, राहणार विजापूर रोड.

त्या बंगल्यात इंदुमतीबाई जन्मात गेल्या नव्हत्या. माढेकर काळे की गोरे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण कपाटाच्या मुठीवर त्यांचा जीवठसा सापडला होता, आणि एकदा जीवठसा सापडला म्हटल्यावर बाकीच्यांनी काही सांगावं असं राहतच नव्हतं.

जीवठशाचं यंत्र येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. चोर चेहरा झाकतो, फोन घरी ठेवून जातो. पण कातडीवरचे जिवाणू काही त्याला घरी ठेवून जाता येत नाहीत. प्रत्येकाच्या अंगावर कोट्यवधी जिवाणूंची वस्ती असते, एकाची दुसऱ्यासारखी नसते, आणि आपण जिथे हात लावू तिथे त्यातले थोडे सांडत जातात. यंत्र ते टिपतं, जनुकांवरून त्यांच्या जाती-पोटजाती मोजतं, त्या घरात राहणाऱ्यांचे वजा करतं आणि जे उरेल ते साठ्यातल्या नमुन्यांशी ताडून पाहतं. सरकारी नोकरांचे नमुने साठ्यात होतेच. हजेरीसाठी म्हणून घेतले होते, निवृत्तीनंतर ते पुसायची कुणाला आठवण झाली नाही.

जुळणी निघाली नव्व्याण्णव पूर्णांक चार टक्के.

प्रयोगशाळेत पुन्हा नमुना घेतला तेव्हा तिथल्या अधिकारी बाईंनी हातमोजे काढता काढता विचारलं होतं, "आजी, घरी कोण कोण असतं?"

"मीच."

"कुत्रं, मांजर? कामाला बाई?"

"कुणी नाही."

"तरीच. इतका स्वच्छ ठसा मी आजवर पाहिला नव्हता."

मग त्यांनी समजावून सांगितलं. घरात चार माणसं असली की ती एकाच टॉवेलला हात पुसतात, पोरं अंगावर लोळतात, नवरा-बायको एका अंथरुणात झोपतात. सगळ्यांचे जिवाणू एकमेकांत मिसळतात. अशा माणसाचा ठसा यंत्राला धूसर दिसतो, साठ-सत्तर टक्क्यांवर ते अडखळतं. ज्याला वर्षानुवर्षं कुणाचा हात लागलेला नाही, त्याचा मात्र अगदी लख्ख येतो.

इंदुमतीबाईंना ते तेव्हा कौतुकासारखं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण त्यांच्यात काही विशेष आहे असं बऱ्याच वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

जामीन मिळाला. वकील विधी सेवेकडून आली, तबस्सुम बागवान, तिशीची, बोलायला फटकळ आणि डोक्याने तल्लख. तिच्या टेबलावर फायलींच्या शेजारी अर्धी खाल्लेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती.

"बसा की मावशी," ती म्हणाली. "तुम्ही आयुष्यभर कोर्टात काढलंय, तुम्हाला मी काय सांगायचं."

"मी नुसतं टाईप केलं. समजून घ्यायची गरज कधी पडली नाही. तू नव्याने आलेल्या पक्षकाराला सांगतेस तसं सांग."

तबस्सुमने भाकरीचा कागद बाजूला सारला. "आरोपातून वगळा असा अर्ज आपण केला होता, तो फेटाळला. आता कोर्ट विचारणार, गुन्हा कबूल आहे का. तुमच्यापुढे वाटा तीन. पहिली, कबुली द्यायची आणि शिक्षेची वाटाघाट करायची. वय बघून, पहिलाच गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतील. तुरुंग बहुतेक नाही. पण चोर म्हणून नाव लागेल ते कायमचं."

"दुसरी?"

"त्या दुपारी तुम्ही दुसरीकडे होता हे दाखवायचं. कोण सांगेल तसं?"

इंदुमतीबाईंनी मनाशी तो आठवडा उलगडला. दूध कोपऱ्यावरच्या यंत्रातून. किराणा दाराशी ठेवून जाणाऱ्या गाडीतून, तिला माणूसच नसतो. समोरचा फ्लॅट दोन वर्षं बंद. नऊ तारखेपासून चौदापर्यंत आपण कुणाशी एक शब्द बोललो का, हेही त्यांना आठवेना.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या.

"मग तिसरी. यंत्रच चुकलं असेल असं दाखवायचं. खरा चोर शोधून द्यायची जबाबदारी आपली नाही मावशी, रास्त शंका उभी केली की पुरे. पण नव्व्याण्णवपुढे शंका उभी करायची तर मला दुसरा एक माणूस पाहिजे, ज्याच्या हाताला तुमच्यासारखाच ठसा आहे. तुमच्या ताटात जेवणारा, तुमच्या हातचं खाणारा. आहे कुणी?"

"असतं तर ठसा स्वच्छ आला असता का?" इंदुमतीबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

घरी आल्यावर त्यांनी सवयीने दूध कोमट केलं. लोक आता दही पाकिटातलं आणतात. इंदुमतीबाईंचं विरजण मात्र त्यांच्या आईच्या माहेराहून, अक्कलकोटच्या बाजूने आलेलं होतं आणि साठ-सत्तर वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. ते लावायची पद्धतही आईचीच. चमचा घालायचा नाही. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर विरजण घ्यायचं आणि त्याच बोटाने दूध ढवळायचं, सात फेरे. चमच्याने दही चिकट होतं म्हणे.

पाचव्या फेऱ्याला त्यांचं बोट दुधात थांबलं.

आपल्या हाताला काय असतं, हे त्यांनी आजवर मनाशी आणलं नव्हतं. रोज संध्याकाळी बोट दह्यात, दह्यातलं बोटावर. चाळीस-पन्नास वर्षांत दोन्हींचं इतकं एक झालं असणार की कातडी कुठली आणि विरजण कुठलं, हे यंत्राला वेगळं करता येऊ नये. घरात दुसरं माणूस नाही, म्हणजे त्यात भेसळ करायलाही कुणी नाही. तेव्हा यंत्राने ओळखलं होतं ते कदाचित त्यांना नव्हे, विरजणाला. आणि हे विरजण त्यांच्याखेरीज जगात एकाच माणसाकडे असू शकत होतं.

संजीवनीकडे.

चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एक मुलीने राजेंद्र कसबेशी लग्न करायचं ठरवलं. मुलगा आपल्यातला नाही, एवढंच इंदुमतीबाईंचं म्हणणं होतं. त्याच्यात दुसरं काही वाईट शोधूनही सापडलं नव्हतं. "मला मुलगी नाही," असं त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. शेजारपाजाऱ्यांनी ऐकावं एवढ्या मोठ्याने म्हणाल्या. त्या संध्याकाळी पाहिलं तर विरजणाची वाटी अर्धी होती, आणि मुलगी गेली त्यापेक्षा तिने न विचारता विरजण नेलं याचाच त्यांना जास्त राग आला. राग असा काहीही धरून बसतो. पुढे तिचा दोनदा फोन आला, तो त्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा आला नाही.

हे सगळं त्यांनी दुसऱ्या दिवशी तबस्सुमला सांगितलं. आठवडाभराने तबस्सुमचा निरोप आला, येऊन जा.

"माढेकरांच्या घरी स्वयंपाकाला बाई आहेत," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "संजीवनी राजेंद्र कसबे. नवरा वारला चार वर्षांपूर्वी, तेव्हा पुण्याहून इकडे परत आली. तीन वर्षं माढेकरांकडे आहे."

"सोलापुरात?"

"जुळे सोलापुरात राहते मावशी. तुमच्यापासून चार किलोमीटर."

चार वर्षं. इंदुमतीबाई भाजीला, बँकेत, सिद्धेश्वराच्या देवळात जात होत्या. कुठेतरी तिने आपल्याला पाहिलंही असेल आणि रस्ता बदलला असेल. ते मनात आलं आणि त्यांना बसल्या जागी फार एकटं वाटलं. तसं त्यांना रिकाम्या घरातही कधी वाटलं नव्हतं.

तबस्सुम पुढे सांगत होती. चोरीच्या आठवड्यात संजीवनी रजेवर होती. तिच्या मुलीच्या टॉन्सिलचं ऑपरेशन होतं. ठसा बारा तासांच्या आतला निघाला, म्हणून पोलिसांनी स्वयंपाकीणबाईंचा नमुनाच घेतला नाही.

"मुलगी?" इंदुमतीबाईंनी विचारलं. "केवढी आहे?"

"नऊ वर्षांची."

 तबस्सुमने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"आता नीट ऐका. तिला बचावाची साक्षीदार म्हणून समन्स काढलं आणि तिचा ठसा जुळला, तर तुमची केस उभी राहते. पण मी खोटं सांगणार नाही. जुळला की पोलिसांची नजर तिच्यावर जाणार. रजेवर होती तर किल्ली कुणाला दिलीस, असं विचारतील. मायलेकींनी मिळून केलं, असंही म्हणतील. त्यापेक्षा कबुली दिलीत तर तिचं नाव कुठेच येणार नाही. दोन दिवस विचार करा."

इंदुमतीबाईंनी दोन दिवस विचार केला. आईने काय करावं हे उघड होतं. गप्प कबुली द्यावी, हमीवर सुटावं, पोरीला तिच्या संसारात राहू द्यावं. त्यांनी कबुलीचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहूनही काढला, समास बरोबर सोडून. पण सही होईना. चोर म्हणवून घ्यायची लाज होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण सही अडली ती त्यासाठी नव्हे. हजारो समन्स त्यांच्या हाताखालून गेले होते. समन्स मिळालेला माणूस येतोच, मनात असो वा नसो. आईने बोलावलं असतं तर संजीवनी आली नसती. कोर्टाने बोलावलं तर येणार होती, आणि त्यांना तिला बघायचं होतं.

"समन्स काढ," त्यांनी तबस्सुमला सांगितलं. का, ते तबस्सुमने विचारलं नाही. तिला ते कळलं असावं.

पुढे तबस्सुम म्हणाली होती तसंच झालं. साक्षीदारांची यादी दाखल होताच पोलिसांनी संजीवनीला चौकीवर बोलावून दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. नऊ वर्षांची पोर शेजाऱ्यांकडे. ऑपरेशनला महिना झाला होता, तरी अजून तिला धड गिळता येत नव्हतं. हे इंदुमतीबाईंना तबस्सुमकडून कळलं. त्या दिवशी त्यांनी दूध विरजलं नाही, तसंच नासू दिलं.

साक्षीच्या दिवशी कोर्टात उकाडा मी म्हणत होता. आधी प्रयोगशाळेच्या अधिकारी बाई झाल्या. तबस्सुमच्या अर्जावरून कोर्टाने तीन नवे नमुने तपासायला लावले होते. संजीवनीचा हात, पंच्याण्णव टक्के. तिच्या शेजारीण बाईंचा, ज्या तिच्याकडून विरजण नेत, त्र्याण्णव. आणि खुद्द फिर्यादी माढेकरांचा, बोटाने विरजण लावायला सांगून घेतलेला, शहाण्णव.

"माढेकरांचा नमुना तर पोलिसांनी तेव्हाही घेतला होता," तबस्सुमने विचारलं. "तेव्हा हे का दिसलं नाही?"

"तो चोरीनंतर आठ दिवसांनी घेतलेला होता," बाई म्हणाल्या. "तोवर त्यांच्या घरातलं दही संपलं होतं."

माढेकर पंच्याहत्तरीचे, सज्जन गृहस्थ. त्यांनी सरळ सांगून टाकलं. स्वयंपाकीणबाई रजेवर जाताना बजावून गेल्या होत्या की दही मोडू देऊ नका, चमचा घालू नका, बोटाने फिरवा. अकरा तारखेला सकाळी त्यांनी स्वतः विरजण लावलं आणि हात न धुता त्याच कपाटातून धोतर काढलं. हात न धुता असं भर कोर्टात कबूल करताना ते लाजले. यंत्राने त्यांची कातडी घरचा माणूस म्हणून वजा केली होती आणि बोटावरचं दही तेवढं उरलं होतं. ते जाऊन जुळलं साठ्यातल्या एकाच माणसाशी, जिच्या हाताला दह्याखेरीज दुसऱ्या कुणाचाच स्पर्श नव्हता. यंत्र ज्यांनी घडवलं त्यांनी हजारो माणसं तपासली होती. पण बोटाने विरजण लावणारी घरं त्यांच्या हिशेबातच नव्हती, हे अधिकारी बाईंनी मान्य केलं.

मग पुकारा झाला. संजीवनी कसबे.

ती आली. अंगाने भरली होती, कानाशी केस पांढरे झाले होते. चालणं तेच, डावा खांदा किंचित पुढे. आरोपीच्या पिंजऱ्यावरून तिची नजर अशी गेली की जणू तिथे खुर्ची ठेवलेली आहे. इंदुमतीबाई लाकडी कठड्याला धरून उभ्या होत्या. आरोपीला साक्षीदाराशी बोलता येत नाही, हा नियम त्यांच्याइतका कुणाला माहीत असणार. तरी ओठ हलले.

तबस्सुमच्या प्रश्नांना संजीवनीने थोडक्यात उत्तरं दिली. हो, विरजण घरून आणलेलं. हो, बोटाने लावते. हो, मागेल त्याला देते, पुण्यात बारा-तेरा घरी दिलं, इथे चार. दवाखान्यातल्या कॅमेऱ्यात ऑपरेशनचे तिन्ही दिवस मुलीच्या खाटेशी ती दिसतच होती.

सरकारी वकील उठले. त्यांचा रोख उघड होता.

"विरजण घरून आणलं म्हणालात. घर म्हणजे आरोपीचं घर. त्या तुमच्या आई ना?"

"हो."

"म्हणजे आईला सोडवायला तुम्ही साक्ष देताय. दोघींचं आधी बोलणं झालंय."

"नाही. चौदा वर्षांत झालेलं नाही."

"पोलिसांनी दोन दिवस बसवलं, तेव्हाही आईला फोन केला नाहीत? कोणती मुलगी करणार नाही?"

"मला बसवलं ते तिच्यामुळेच," संजीवनी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मी कोर्टाने बोलावलं म्हणून आले. जे खरं ते सांगितलं."

"आणि आता? खटला संपल्यावर भेटायची इच्छा आहे त्यांना?"

"नाही."

सरकारी वकील खाली बसले. हा प्रश्न विचारायला नको होता, हे त्यांना कळून चुकलं होतं. मायलेकींच्या संगनमताची गोष्ट त्या एका शब्दाने संपली. तबस्सुम मागे झुकून कुजबुजली, "जिंकलो मावशी." मग तिने अशिलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती फाइल आवरू लागली.

संजीवनी निघून गेली. जाताना तिने मागे पाहिलं नाही. इंदुमतीबाईंनी तिचं पाठमोरं रूप दारापर्यंत डोळे भरून पाहून घेतलं. त्यासाठी पोरीला आणि नातीला काय सोसावं लागलं, हे त्यांना माहीत होतं, आणि तरीही त्यांनी पाहून घेतलं.

अठरा दिवसांनी निकाल लागला. निर्दोष सुटका. खरा चोर काही सापडला नाही. निकालाच्या नकलेबरोबर इंदुमतीबाईंनी आणखी एका कागदाची नक्कल मागितली, बचावाच्या साक्षीदार क्रमांक दोनच्या साक्षीची. "ती कशाला?" तबस्सुमने विचारलं. "असू दे," त्या म्हणाल्या.

नक्कल घेऊन त्या घरी आल्या, पंखा लावला आणि टेबलाशी बसल्या. कोर्टात साक्ष प्रश्नोत्तरांत लिहीत नाहीत. वकील लांबलचक विचारतो, साक्षीदार हो किंवा नाही म्हणतो, आणि कागदावर उतरतं ते साक्षीदाराच्या तोंडचं सबंध वाक्य, मी अमुक, माझं तमुक असं. चौतीस वर्षं इंदुमतीबाईंनी लोकांच्या हो-नाहीची अशी वाक्यं केली होती. आता ते काम यंत्र करत होतं. त्याला शिकवायला ज्या जुन्या साक्षी दिल्या होत्या, त्यात निम्म्या त्यांच्या हातच्या होत्या. तेव्हा त्यांचा सत्कारही झाला होता.

दुसऱ्या पानावर, सरतपासणी संपून उलटतपासणी सुरू होते तिथे, ते वाक्य होतं.

'आरोपी इंदुमती शिवलिंग कोरे ही माझी सख्खी आई आहे.'

संजीवनी एवढं बोलली नव्हती. ती 'हो' म्हणाली होती, तेही सरकारी वकिलाकडे बघून. बाकीचे सगळे शब्द यंत्राने घातले होते, आणि ते त्याने कुठून उचलले हे इंदुमतीबाईंना पक्कं ठाऊक होतं. 'ही माझी सख्खी' असं लिहायची पद्धत त्यांचीच. त्याखाली चार ओळी सोडून 'मला आरोपीस भेटण्याची इच्छा नाही' हेही वाक्य होतं, तितकंच नीटनेटकं.

त्यांनी त्या खालच्या वाक्यावर तळहात ठेवून ते झाकलं. मग वरचं वाक्य त्या मोठ्याने वाचू लागल्या, पहिल्यांदा टाईप करायला सांगताना वाचतात तसं सपाट, आणि नंतर हळूहळू, संजीवनी ते कसं म्हणाली असती याचा अंदाज घेत, पुन्हा पुन्हा, तिचा आवाज नेमका लागेना म्हणून.